हौद्यातलं वजन, केबिनमधला माणूस

“मेस्त्री, मागे एकेक पाटो वाढवा.”

सिंधुदुर्गात महामार्गालगतच्या कुठल्याही पाटेवाल्याच्या शेडमध्ये फेब्रुवारीत अर्धा तास थांबलात, तर हे वाक्य कानावर पडतंच. आंब्याचा हंगाम तोंडावर आलेला असतो, मासळीच्या फेऱ्या चालू असतात आणि पावसाआधी घरं उभी करायची म्हणून चिऱ्यांची वाहतूकही जोरात असते. कारण सगळे एकच सांगतात : गाडी बसते. हौदा भरला की मागचा भाग खाली जातो, मडगार्ड टायरला घासतं, पुढचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

पाटे, म्हणजे हौद्याचा भार पेलणाऱ्या पोलादी स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवण्याचं काम पाटेवाला करतो. होडीचा ट्रेलर ओढायला मागे हूक लावायचा तर वेल्डिंगवाला, आणि सीट, पंखा, गाणी, चार्जर यासाठी सीटकव्हरवाला. तीन दुकानं, तीन हिशेब. मला मात्र गेली काही वर्षं हे पाहताना असं वाटत आलंय की हा प्रश्न मुळात एकच आहे. रस्त्याचा धक्का शेवटी कुणी सोसायचा : पाट्याने, मालाने की चालवणाऱ्याच्या कमरेने? आपल्याकडे पैसा पहिल्यावर खर्च होतो, काळजी दुसऱ्याची घेतली जाते आणि तिसऱ्याचं कुणी विचारत नाही.

आधी गाड्यांकडे पाहू. पूर्वी किनाऱ्यावरचा माल मॅटाडोर, तीनचाकी टेम्पो आणि जुन्या जीपमागच्या ट्रॉलीत जायचा. २००५ मध्ये टाटांचा एस आला आणि चित्र बदललं. पुण्यात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली ही गाडी ‘छोटा हत्ती’ म्हणूनच ओळखली गेली. पाऊण टनाची क्षमता, वाडीच्या अरुंद रस्त्यात वळेल एवढी लांबी. त्याच्या वरच्या पायरीवर महिंद्राची बोलेरो पिकअप, अशोक लेलँडचा दोस्त, टाटांचा योद्धा आणि इंट्रा. २०२२ मध्ये योद्धा २.० दोन टनांची क्षमता घेऊन आला, २०२३ मध्ये बोलेरो मॅक्स पिकअप आली आणि तिच्या वरच्या मॉडेलनेही दोन टन गाठले. इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स रिसॉर्टच्या आवारात किंवा हौशी मालकांकडे एखाददुसरी दिसते. किनाऱ्याचं ओझं वाहतात त्या आधी सांगितलेल्या गाड्या. पुढची रचना गाडीगणिक वेगळी, पण मागे सगळ्यांना पाटेच.

आता माल. आपल्याकडे एकच गाडी वर्षभरात तीन अगदी वेगळ्या स्वभावांचा माल वाहते, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

जांभा चिरा हा सर्वांत फसवा. आकाराप्रमाणे एकेक चिरा तीस किलोच्या आसपास भरतो, म्हणजे शंभर चिरे तीन टन. शेजारी उभ्या असलेल्यालाही हौदा अर्धा रिकामा वाटतो आणि गाडी मात्र क्षमतेच्या दीडपट लादलेली असते. पावणेदोन टनांच्या पिकअपमध्ये पन्नास-पंचावन्न चिरे झाले की थांबायला हवं. फाळका लावल्यावर ते वरून दिसतही नाहीत, म्हणून कुणी थांबत नाही.

मासळीचं दुखणं निराळं. खोक्यात मासळी तेवढाच बर्फ. मालवण, सर्जेकोट किंवा देवगडहून निघालेल्या गाडीतून कोल्हापूर, गोवा किंवा मुंबईपर्यंत खारं पाणी ठिबकत असतं. ते हौद्याच्या फटीतून थेट चासीवर आणि पाट्यांवर येतं. दोन पाट्यांच्या मधली जागा त्याला मुक्कामाला फार सोयीची.

आणि आंबा. पाच डझनांची पेटी वीस किलोच्या आतबाहेर. ऐंशी पेट्या भरल्या तरी गाडी तिच्या मापात राहते. पण देवगडहून वाशीच्या बाजारपेठेपर्यंत रात्रभराचा प्रवास, आणि फळ असं की गचका बसला तर त्या दिवशी काही दिसत नाही, पिकताना डाग उमटतो. आंब्याला मऊ गाडी लागते. चिऱ्यांसाठी मार्चमध्ये पाटा वाढवून कडक केलेली गाडी एप्रिलमध्ये चाळीस पेट्या घेऊन निघाली, तर ती त्या पेट्यांना पूर्ण वाटभर उडवत नेते. बागायतदार भाड्याची गाडी ठरवताना दर विचारतो, ड्रायव्हर भरवशाचा आहे का विचारतो. मागे किती पाटे आहेत हे विचारणारा मला क्वचितच भेटला.

पाटा वाढवल्याने नेमकं काय होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो. आठ मिलिमीटरच्या जागी दहाचा पाटा घातला, तर तो सव्वापट जाड झाला, पण जवळजवळ दुप्पट कडक झाला. आठ मिलिमीटरच्या पाच पाट्यांच्या जोडात दहा मिलिमीटरचा एकच पाटा वाढवला, तर लांबी सारखी धरून कागदावरच्या हिशेबात संपूर्ण जोड चाळीस टक्क्यांनी कडक होतो. शेडमध्ये वाढवायला मिळणारा पाटा पुष्कळदा मोठ्या गाडीचा, कापून बसवलेला असतो. म्हणजे मालकाच्या मनात ‘थोडा आधार’ असतो आणि गाडीच्या पदरात भलतंच काही पडतं.

गाडी बसायची थांबते, हे खरं. पण एक्सल तोच, चाकाचे बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेकही तेच. बसणारी गाडी निदान सांगत तरी होती की ओझं जास्त झालंय; पाटा वाढवून आपण तिचं ते सांगणंच बंद करतो.

ब्रेकची गोष्ट तर बहुतेकांच्या गावीही नसते. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या लाइनवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी मागच्या एक्सलला जोडलेली असते. हौदा खाली बसला की दांडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की गाडी भरलेली आहे, आणि तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी रिकामी असली की कमी देतो, म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत. आता पाटा वाढवला. दोन टन भरले तरी हौदा उंचच राहिला. व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामी! सगळ्यात जास्त ब्रेक लागतो तेव्हाच मागची चाकं अर्ध्या जोराने थांबवतात आणि सारा भार पुढच्या ब्रेकवर येतो. पाटा वाढवल्यावर ही दांडी पुन्हा जुळवून घ्यावी लागते. ज्या शेडमध्ये ती जुळवत नाहीत, तिथे पाटा वाढवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं सपाटीवर एकवेळ निभावून जातं. खारेपाटण ते झाराप महामार्ग सिमेंटचा झाला, तिथे पाटा जाणवतसुद्धा नाही. पण जिल्ह्यातून देशावर जायचं तर घाट चुकत नाही : आंबोली, फोंडा, करूळ, भुईबावडा. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच आहे. साडेतीन टनांची भरलेली गाडी तिथून सहाशे मीटर खाली येते, तेव्हा ब्रेक आणि इंजिन मिळून जी ऊर्जा पचवतात, तिच्यात साठ-सत्तर लिटर पाणी उकळेल. त्यावर एक टन जादा चढवला की आणखी वीस लिटरांची उष्णता आली. गिअर खाली न घेता नुसत्या ब्रेकवर उतरणाऱ्या गाडीच्या चाकांना जो जळका वास येतो, तो याच हिशेबाचा असतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा वजनाला २०,००० रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जादा माल उतरवण्याचा खर्चही आपलाच. कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. पाटा वाढवून आरसी पुस्तकातली क्षमता एक किलोनेही वाढत नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस गाडी तपासायला येतो तेव्हा तो पाटेही मोजतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

मग करायचं काय? याचं उत्तर मला एका शेडमध्ये मिळालं आणि ते मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलंय.

मासळीच्या फेऱ्या मारणारी एक पिकअप आली होती. मालकाची मागणी नेहमीचीच, दोन्ही बाजूंना एकेक पाटा. मेस्त्रीने हो-नाही काही म्हटलं नाही, जॅक लावला आणि जोड उतरवायला घेतला. यू-बोल्टचे नट गंजून असे बसले होते की पाना फिरेना. शेवटी गॅसने कापावे लागले. जोड खाली घेतला, क्लिपा काढल्या आणि पाटे सुटे केले, तर दोन पाट्यांच्या मधून गंजाचे पापुद्रे पडले, खारीच्या पदरांसारखे सुटे सुटे. वरच्या पाट्याचं टोक खालच्यात घासून घासून खोलगट झालं होतं. मग त्याने मेन पाटा पुसला, मधल्या भोकाभोवती रॉकेलचा बोळा फिरवला, कोरडं केलं आणि वर खडू घासला. दोनेक मिनिटांत पांढऱ्या खडूवर एक ओली काळी रेघ उमटली. सेंटर बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत पाट्याला चीर गेली होती. “ह्येच्यावर पाटो घालू?” एवढंच त्याने विचारलं.

ती गाडी बसत होती ती जादा मालाने नव्हे, चिरलेल्या मेन पाट्याने. त्यावर जादा पाटा घातला असता, तर पुढच्या घाटात एक्सल जागेवरून सरकला असता. मालकाने मेन पाटा नवा घेतला, शॅकलचे बुश आणि यू-बोल्ट बदलले, बाकीचे पाटे घासून ग्रीस लावून तेच बसवले. गाडी नव्यासारखी उभी राहिली.

किनाऱ्यावरच्या गाड्यांचा बराचसा ‘कमजोरपणा’ असाच गंजाचा असतो. म्हणून माझा क्रम असा : आधी जोड उघडून पाहा. बुश, शॅकल, सेंटर बोल्ट बदला. मग शॉकअप. तेल गळलेल्या शॉकअपची गाडी खड्ड्यानंतर तीन-चार वेळा झुलते, आणि मालक त्याचाही दोष पाट्याला देतो. मग टायर : कंपनीने सांगितलेल्या भारक्षमतेचेच, आणि हवा भरलेल्या गाडीच्या मापाने. एवढं करून, वजन मापात असूनही गाडी बसत असेल, तर वरून बसणारा हेल्पर पाटा हा त्यातल्या त्यात समजूतदार उपाय. तो रिकाम्या गाडीत टेकत नाही, ओझं आल्यावरच कामाला लागतो. चासी आणि एक्सलच्या मधले रबरी बफरही त्याच तत्त्वावर चालतात, स्वस्त असतात आणि खाऱ्या पाण्याला दाद देत नाहीत. हवेच्या फुग्यांचा उपाय परदेशात फार चालतो, पण आपल्या चिखलात आणि वाळूत फुगा फाटला की रस्त्यावर दुसरा मिळत नाही. मला तो इथल्यासाठी पटत नाही.

अमेरिकेत हा सगळा प्रश्न उलटा आहे. तिथली पिकअप बहुतेक दिवस रिकामीच, एका माणसाला घेऊन फिरते, म्हणून कंपन्याही आरामाकडे वळल्या. डॉजने २००९ च्या रॅम १५०० ला मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग दिल्या. मग सुट्टीत मोठा ट्रेलर जोडायचा तर लोक फुगे बसवतात. आपली गाडी रोज भरून जाते आणि येताना रिकामी येते. त्यांचे उपाय पाहून आपल्या गाडीला काही लावण्याआधी हा फरक ध्यानात घ्यावा.

ओढण्याचा विषय आपल्याकडे अजून लहान आहे, पण वाढतो आहे. होड्या किनाऱ्यावर चढवायचं काम पूर्वी ओंडके घालून माणसं करायची, आता बऱ्याच ठिकाणी ट्रॅक्टर करतो. पिकअपच्या मागे ट्रेलर दिसतो तो तारकर्ली, देवबाग, दांडी भागातल्या जलक्रीडेवाल्यांचा : स्पीडबोट, जेट स्की, कधी इंजिन दुरुस्तीला नेलेली फायबरची होडी. इथेही पहिली मागणी पाट्याचीच असते. ती गरज जवळपास कधीच नसते. नीट भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा सुमारे दहावा भाग हुकावर यावा. आठशे किलोंच्या ट्रेलरचे ऐंशी किलो. तेवढ्याने पिकअपच्या पाट्यांना काही होत नाही. धोका असतो तो होडी फार मागे ठेवण्यात. स्पीडबोटीचं वजनदार इंजिन मागे असतं; होडी चाकांच्या मागे सरकली की हूक वर उचलला जातो, आणि उतारावर वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे झोके घेतो. अशा उतारावर तो एकदा झुलू लागला की ब्रेक दाबून आवरत नाही. दुसरी गोष्ट बेअरिंगची. धावून तापलेला हब होडी सोडताना तसाच खाऱ्या पाण्यात गेला की तो गार होतो आणि सीलमधून पाणी आत ओढतो. पाण्यात नेण्याआधी अर्धा तास थांबावं आणि हंगामात दर महिन्याला ग्रीस भरावं. ट्रेलरला कायद्याने स्वतःची नोंदणी लागते, आणि त्याच्या मागच्या दिव्यांची वायर जोडणं हे पाच मिनिटांचं काम आहे. रात्री बंद दिव्यांचा ट्रेलर पाहिला की माझ्या पोटात गोळा येतो.

आता केबिन. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या भागाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

माणसाचं अंग सर्वांत जास्त हलतं ते सेकंदाला चार ते आठ धक्क्यांच्या लयीत; कण्याला ती लय मानवत नाही. कडक केलेली पिकअप रिकामी परतताना खडबडीत रस्त्यावर असले धक्के थेट सीटवर पोचवते. वाशीला माल उतरवून देवगडला परतणारा ड्रायव्हर साडेचारशे किलोमीटर असाच येतो. चाळिशीच्या आत कमरेला पट्टा बांधणारे किती ड्रायव्हर आपल्या ओळखीत आहेत ते एकदा मोजून पाहावं. आणि तरी सीटचा फोम बसला, खालची पट्टी टोचायला लागली, की उपाय म्हणजे वर घडी घातलेली गोधडी.

पिकअप चालवणाऱ्यांना मी जेव्हा जेव्हा विचारलं की केबिनमध्ये काय हवं, तेव्हा मोठा स्क्रीन कुणी मागितला नाही. मागण्या साध्या होत्या. पाठ मागे टाकता येईल अशी सीट, कारण बाजारात गाडी रिकामी व्हायची वाट पाहत झोपावं लागतं. दोन लिटरची बाटली उभी राहील अशी जागा. कागद भिजणार नाहीत असा बंद होणारा कप्पा. हाताजवळ मोबाइल ठेवायचा स्टँड आणि जोरात चालणारा चार्जर. आतला दिवा, पावती लिहिण्यापुरता. हलकं स्टिअरिंग. आणि डॅशबोर्डवर देवाची जागा. आंगणेवाडीची भराडी देवी किंवा गणपती नसलेली गाडी इथे शोधावी लागेल. बोलेरो मॅक्सने २०२३ मध्ये उंची बदलता येणारी ड्रायव्हर सीट दिली, हे मला दोन टनांच्या क्षमतेपेक्षा मोलाचं वाटतं.

सीटच्या कापडावर इथे दोन पक्ष आहेत. रेक्झिन धुता येतं, मासळीचा वास त्यात मुरत नाही. पण मे महिन्यात पाठ त्याला चिकटते. कापड अंगाला बरं, पण एकदा बर्फाचं पाणी लागलेल्या कपड्यांनी बसलं की वास पावसाळाभर जात नाही. मासळीवाल्याने रेक्झिन घ्यावं आणि वर सुटा सुती पंचा टाकावा, रोज धुवावा. आंबा-काजूवाल्याने बेलाशक कापड घ्यावं. घरच्यांना घेऊन माल आणायला जाणाऱ्यांसाठी दोन ओळींच्या सीटची कॅम्पर उत्तम, पण हौदा तेवढाच आखूड होतो.

एसीबद्दल आपल्याकडे अजून ‘ड्रायव्हरचे लाड’ असा सूर निघतो. छोट्या हत्तीत इंजिन सीटखालीच असतं; मे महिन्याच्या दुपारी त्या सीटवर तासभर बसून मग लाड हा शब्द वापरावा. पण आपल्या जिल्ह्यापुरतं याहून मोठं कारण पावसाळ्यातलं आहे. आंबोलीत जुलैमध्ये धुकं आणि पाऊस एकत्र असतात. काचा बंद केल्या की समोरची काच आतून धुरकटते, उघडल्या की माणूस भिजतो. ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने काच पुसत असतो. कुणी तंबाखू चोळतो, कुणी साबण. एसी हवेतली ओल काढतो आणि काच अर्ध्या मिनिटात स्वच्छ होते. समोरचं दिसणं हा लाड नव्हे.

२०२५ पासून नव्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. पण हा नियम साडेतीन टनांच्या वरच्या, म्हणजे एन-टू आणि एन-थ्री गटातल्या वाहनांना. आपल्याकडच्या बहुतेक पिकअप आणि छोटा हत्ती एन-वन गटात मोडतात आणि नियमातून सुटतात. मोठ्या ट्रकच्या ड्रायव्हरला जो उकाडा होतो तोच लहान गाडीच्या ड्रायव्हरला होतो; किंबहुना त्याची केबिन लहान, इंजिन अंगाजवळ आणि सोबत क्लीनरही नसतो. केंद्राने हा गट नियमात घ्यावा, आणि तोवर मच्छीमार संस्थांनी व बागायतदारांच्या संघांनी गाड्या ठरवताना आपल्याकडून ही अट घालावी. काही कंपन्यांनी लहान गाड्यांतही एसीची मॉडेलं आणायला सुरुवात केली आहे. मागणी दिसली तर ती वाढतील.

दोन नवे पाटे, मजुरी आणि वाढलेल्या टायरखर्चाचा वर्षाचा हिशेब मांडला, तर त्याच पैशांत एक चांगली सीट बसते. माझा कौल सीटला आहे.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. आंबाही तोवर आटोपलेला असतो आणि चिऱ्याच्या खाणी पाण्याने भरलेल्या असतात. गाड्या अंगणात उभ्या राहतात, खारं पाणी पाट्यांत तसंच असतं आणि गंज सुट्टी घेत नाही. यंदा बंदी लागली की पहिल्याच आठवड्यात गोड्या पाण्याने चासी धुऊन घ्या, जोड उघडून घ्या आणि मेन पाट्यावर खडू फिरवायला सांगा.